एका शहराची तीन चित्रे

गावाबाहेरच्या टेकडीवर तुम्ही कधी ना कधी चढला असालच. गुरे चारायला गेला असाल, देवीच्या दर्शनाला गेला असाल. वर पोचल्यावर माणूस काय करतो? आधी दम खातो. मग उभा राहून सगळीकडे बघतो.

समोर गाव दिसते. देवळाचा कळस दिसतो. मान थोडी उजवीकडे वळवली की ओढा दिसतो. आणखी वळले की शिवार दिसते. पाठीमागे डोंगराची रांग असते. पुरते फिरून आले की पुन्हा समोर देवळाचा कळस येतो.

आता या टेकडीवरून एक फोटो काढा. त्यात काय येईल? देऊळ येईल, नाही तर ओढा येईल. दोन्ही येणार नाहीत. साधा फोटो म्हणजे खिडकीतून पाहणे. खिडकीत मावेल तेवढेच दिसते. बाकीचे भिंतीआड राहते.

मग सगळे गाव एकाच चित्रात कसे आणायचे? आणि आणायचे तरी कशाला? या धड्यात तेच सांगितले आहे.

चौफेर चित्र

एका जागी उभे राहून चारी बाजूंना जे दिसते, ते एका लांब पट्टीवर उतरवले, तर त्याला इंग्रजीत ‘पॅनोरमा’ म्हणतात. आपण त्याला चौफेर चित्र म्हणू. ‘पॅनोरमा’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांवरून केला आहे. एकाचा अर्थ ‘सगळे’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘देखावा’.

असली चित्रे फोटोच्याही आधीची आहेत. रॉबर्ट बार्कर नावाचा एक चित्रकार स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात राहत होता. तिथल्या टेकडीवरून दिसणारे शहर त्याने गोल पडद्यावर रंगवले. १७८७ साली त्याने या युक्तीचा हक्क सरकारातून आपल्या नावे करून घेतला. १७९३ साली लंडनमध्ये अशा चित्रांसाठी मुद्दाम एक गोल इमारत बांधली. लोक पैसे देऊन आत जात. मधोमध उभे राहत आणि भोवती फिरून बघत.

पुढे १८३९ साली फोटो काढण्याची विद्या जगापुढे आली. पण फोटोला खिडकीची अडचण होती. ती दूर करायला फोटोवाल्यांनी सोपा उपाय शोधला. एक फोटो काढायचा. कॅमेरा थोडा वळवायचा. दुसरा काढायचा. पुन्हा वळवायचा. मग सगळे फोटो शेजारी शेजारी लावायचे. गोधडीला तुकडा जोडताना काठावर काठ चढवतात ना? तसेच इथेही. पहिल्या फोटोचा उजवा काठ दुसऱ्या फोटोत डावीकडे पुन्हा यायला हवा. नाहीतर मधला भाग सुटतो.

मनोऱ्यावरचा फोटोवाला

आता एका शहराची गोष्ट ऐका. शहर अमेरिकेतले आहे. नाव सॅन फ्रान्सिस्को. ते समुद्राच्या खाडीकाठी, टेकड्यांवर वसले आहे. १८४८ साली त्या मुलखात सोने सापडले. बातमी पसरली तशी माणसे धावली. लहानसे गाव बघता बघता मोठे शहर झाले. १८८० सालच्या खानेसुमारीत तिथे सव्वादोन लाखांहून जास्त माणसे मोजली गेली. घरे मात्र बहुतेक लाकडाची होती.

त्या शहरात एडवर्ड मायब्रिज नावाचा फोटोवाला होता. जन्माने इंग्लंडचा. धावत्या घोड्याचे एकामागून एक फोटो काढून पुढे तो जगभर नावाजला. पळताना घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, हे त्याच्या फोटोंवरून सगळ्यांना पटले.

शहराच्या मध्ये एक उंच टेकडी होती. आज तिला नॉब हिल म्हणतात. रेल्वेच्या धंद्यात गबर झालेले सावकार तिथे वाडे बांधत होते. त्यांतल्या एका वाड्याचा मालक मार्क हॉपकिन्स. वाड्याचे काम अजून चालू होते. मायब्रिज त्याच्या मनोऱ्यावर चढला आणि त्याने चारी बाजूंचे फोटो घेतले. १८७७ साली ११ फोटोंचे चित्र केले. १८७८ साली पुन्हा चढला आणि आणखी मोठे, १३ फोटोंचे चित्र केले. हे दुसरे चित्र जोडून मांडले की सुमारे १७ फूट लांब होते. म्हणजे आपल्या एखाद्या ओसरीच्या लांबीएवढे!

आज आपण खिशातून फोन काढतो आणि बोट टेकवतो. फोटो तयार. त्या काळी तसे नव्हते. फोटो काचेवर काढावा लागे. मोठा फोटो हवा असेल तर काचही तेवढीच मोठी लागे. मायब्रिजचा एकेक फोटो हातभराहून लांब होता. तेवढी काच घ्यायची. तिच्यावर चिकट औषध ओतून सारखे पसरवायचे. अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली तर मेहनत पाण्यात. असे तेरा वेळा करायचे, तेही मनोऱ्यावर!

या कामात वेळ जाई आणि सूर्य काही थांबत नाही. म्हणून अशा चित्रात एका तुकड्यातली सावली दुसऱ्या तुकड्यातल्या सावलीशी जुळत नाही. नीट बघितले तर सावल्यांवरून कळते, की हे एका क्षणाचे चित्र नाही. आणखी एक गंमत. रस्ते ओसाड दिसतात. माणसे नव्हती असे नव्हे. काचेवर उमटायला वेळ लागे. तेवढ्यात चालता माणूस पुढे निघून जाई. घरे उमटली, माणसे निसटली.

मायब्रिजने आणखी एक शहाणपणाचे काम केले. १८७७ च्या चित्राबरोबर त्याने एक यादी छापली. चित्रातली कोणती इमारत कोणती, त्यांची नावे त्या यादीत होती. ही यादी ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

सकाळी पाच वाजून बारा मिनिटे

१९०६ साल. एप्रिल महिन्याची १८ तारीख. सकाळचे पाच वाजून बारा मिनिटे झाली होती. लोक अंथरुणातच होते. एवढ्यात जमीन हादरली. मोठा भूकंप झाला. भिंती कोसळल्या. धुराडी पडली. रस्ते फाटले.

पण भूकंपाने केले नाही तेवढे नुकसान पुढे आगीने केले. जमिनीखालचे गॅसचे नळ फुटले. ठिकठिकाणी आग लागली. आग विझवायला बंब धावले, पण पाण्याचेही नळ फुटले होते. पाणीच येईना. असे सांगतात, की एका बाईने सकाळी न्याहारीसाठी चूल पेटवली. तिच्या घराचे धुराडे भूकंपाने तडकले होते. तेवढ्यावरून पेटलेल्या आगीने मोठा भाग खाल्ला.

आग तीन दिवस चालली. सुमारे २८,००० इमारती गेल्या. तीन हजारांच्या आसपास माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. शहरातली निम्म्याहून जास्त माणसे बेघर झाली. टेकडीवरचे सावकारांचे वाडे जळाले. ज्या मनोऱ्यावर मायब्रिज उभा होता, तो हॉपकिन्सचा वाडाही राख झाला. मायब्रिजला हे बघावे लागले नाही. तो १९०४ सालीच वारला होता.

आणखी एक घात झाला. सरकारी दप्तर जळाले. कोण कधी जन्मला त्याची नोंद गेली. कोणाची जमीन कुठवर, त्याचे कागद गेले. आपल्याकडे समजा, तलाठ्याकडचे सारे सातबारे एका रात्रीत जळाले, तर काय होईल? तसाच तिथे गोंधळ झाला. लोकांना जमिनीवरची मालकी पुन्हा सिद्ध करता यावी, म्हणून त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

चित्र म्हणजे काही सातबारा नव्हे. चित्रावरून जमीन मिळत नाही. पण घर गेले, गल्ली गेली, कागद गेले, तरी मायब्रिजच्या चित्राच्या छापील प्रती राहिल्या. कुठे दूरच्या गावी, कुठे ग्रंथालयात. त्या प्रतींत ते जुने शहर अजून उभे आहे. छप्पर न् छप्पर मोजता येते. वाळत घातलेले कपडे शोधावेत, इतके बारीक दिसते.

पतंगाला बांधलेला कॅमेरा

आता दुसरे चित्र. तेही याच शहराचे, पण राख झाल्यावरचे.

शिकागो शहरात जॉर्ज लॉरेन्स नावाचा फोटोवाला होता. त्याला फार वरून फोटो घ्यायचा नाद. १९०१ साली तो फुग्याला टांगलेल्या पाळण्यात बसून वर गेला. पाळणा फुग्यापासून सुटला आणि लॉरेन्स २०० फुटांहून जास्त उंचीवरून खाली आला. नशीब असे, की वाटेत तारायंत्राच्या तारा होत्या. त्यांच्यावर आपटून वेग कमी झाला आणि गडी वाचला. त्यानंतर त्याने ठरवले, की आपण वर जायचे नाही, कॅमेऱ्यालाच पाठवायचे!

त्याने मोठमोठे पतंग केले. एकाच दोरीला अनेक पतंग लावले. दोरीला खाली कॅमेरा टांगला. कॅमेऱ्याचे वजन सुमारे २२ किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याच्या आसपास. कॅमेऱ्यात फिल्मची लांब पट्टी वाकवून बसवली होती. भिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरत जाई आणि पट्टीवर सारा देखावा एकदम उमटे. इथे तुकडे जोडायचे कामच नाही. खालून विजेच्या तारेने कळ दाबायची.

भूकंपानंतर काही आठवड्यांनी, १९०६ सालीच, लॉरेन्सने खाडीवरून सुमारे २,००० फूट उंचीवर हा कॅमेरा चढवला. उमटलेले चित्र जवळजवळ चार फूट लांब आहे. खाली धक्का दिसतो. धक्क्यावरच्या इमारतीचा घड्याळाचा मनोरा उभा दिसतो. तो वाचला होता. तिथून सरळ मोठा रस्ता शहरात जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या भिंतींचे सांगाडे. छप्पर नाही. कौल नाही. मैलच्या मैल तेच.

या चित्राच्या प्रती १२५ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. वृत्तपत्रातली बातमी वाचून लोकांना नुकसानीचा आकडा कळला होता. या चित्राने ते नुकसान डोळ्यांपुढे उभे केले.

तिसरे चित्र

शहर पुन्हा बांधले गेले. हॉपकिन्सच्या वाड्याच्या जागी १९२६ साली एक उंच हॉटेल उघडले. १९९० साली मार्क क्लेट नावाचा फोटोवाला त्या जागी गेला. मायब्रिज जिथे उभा होता, शक्य तेवढे तिथेच उभे राहून त्याने पुन्हा १३ फोटोंचे चौफेर चित्र घेतले. मायब्रिजच्या चित्रात जिकडे खाडीचे पाणी लांबवर दिसते, तिकडे नव्या चित्रात बऱ्याच ठिकाणी उंच इमारती आडव्या आल्या आहेत.

आता ही चित्रे एकाखाली एक मांडली, तर काय दिसते? १८७८ सालची लाकडी घरे. १९०६ सालची राख. १९९० सालचे उंच शहर. ११२ वर्षांची गोष्ट एक अक्षरही न वाचता समजते. एका चित्राने एवढे साधले नसते. शेजारी दुसरे ठेवले म्हणून बदल कळला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही, की मायब्रिजला भूकंपाची कल्पना नव्हती. तो काही शहर जाणार म्हणून चढला नव्हता. शहर भरात होते, म्हणून त्याने चित्र घेतले. पडल्यावर घ्यायचे म्हटले असते तर घ्यायला काही उरलेच नसते. साक्ष घ्यायची ती जागा उभी असतानाच.

भिंतीच्या कडेने चालणारे चित्र

चौफेर चित्राची आणखी एक रीत आहे. ती समजायला आपल्या देशात, तंजावरला येऊ.

तंजावर हे गाव तमिळनाडूत आहे. तिथले बृहदीश्वराचे भव्य देऊळ राजराज चोळ राजाने बांधले. ते १०१० सालाच्या सुमारास पुरे झाले. देवळाच्या चौथऱ्यावर तमिळ अक्षरांत लांबच लांब लेख कोरला आहे. देवाला कोणी काय दान दिले, त्याच्या नोंदी त्यात आहेत. पुढे तंजावरला मराठ्यांचे राज्य आले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे, यांच्या घराण्याने १८५५ सालापर्यंत तिथे राज्य केले. त्याच देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेखही आहे. तो दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवला.

१८५८ साली लिनियस ट्राइप नावाचा मद्रास सरकारचा फोटोवाला तिथे गेला. चौथऱ्यावरच्या तमिळ लेखाचा फोटो त्याला हवा होता. पण एका जागी उभे राहून मान फिरवून हा लेख कसा दिसणार? दूरची अक्षरे बारीक दिसणार, तिरकी दिसणार. म्हणून त्याने कॅमेरा भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकवत नेला. २१ फोटो काढून एकाला एक जोडले. ती पट्टी सुमारे १९ फूट लांब झाली.

म्हणजे रीती दोन. गाव, शिवार, डोंगर बघायचा तर एका जागी उभे राहा आणि वळा. लांब भिंत, तटबंदी, कोरीव काम बघायचे तर समोरासमोर उभे राहा आणि कडेने चाला. दोन्हीत गोधडीचा नियम एकच: काठावर काठ चढला पाहिजे.

आपल्या गावाचे चित्र

कोणी म्हणेल, “हे सगळे परमुलखातले. आपल्याला त्याचे काय?”

आपल्यालाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपेतल्या माणसांवर पडली. हजारो माणसे गेली. पुढे सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवली. तिथे नवी घरे झाली, सरळ रस्ते झाले. पण जुनी गल्ली, जुना पार, जुनी वेस? ती कशी होती, हे आज लेकरांना दाखवायचे तर काय दाखवणार?

भूकंपच कशाला हवा? धरण होते आणि गाव पाण्याखाली जाते. रस्ता रुंद होतो आणि वडाची झाडे जातात. जुना वाडा वाटणीत पडतो. विहीर बुजते. यातले कितीतरी गरजेचेही असते. धरण नको, रस्ता नको, असे आपण म्हणत नाही. पण जाण्याआधी एक चित्र घेऊन ठेवायला काय खर्च येतो?

आज पुष्कळ घरांत फोन आहे. फोनमध्ये चौफेर फोटोची सोय असते. कॅमेरा उघडला की ‘पॅनोरमा’ किंवा ‘पॅनो’ असे नाव दिसते. मग असे करा:

१. आधी जागा निवडा. टेकडी, देवळासमोरची मोकळी जागा, शाळेची गच्ची. जिथून जास्त दिसते ती जागा घ्या. कठड्यावर, पडक्या तटावर, विहिरीच्या काठावर चढू नका. फोनकडे बघत मागे मागे सरकू नका. चित्रासाठी जीव घालवू नये.

२. फोन उभा धरा. कोपरे अंगाला टेकवा. हात फिरवू नका, पायांवर हळूहळू सगळे अंग वळवा. जात्याचा मधला खुंटा जसा एका जागी राहतो, तसे तुम्ही एका जागी राहा.

३. फोन वरखाली होऊ देऊ नका. जमीन आणि आभाळ मिळते ती रेघ सरळ ठेवा.

४. बऱ्याच फोनांत एका वेळी पुरा फेरा बसत नाही. तेव्हा दोन भागांत घ्या. पहिल्या भागाच्या शेवटी जे झाड किंवा घर आहे, तिथूनच दुसरा भाग सुरू करा.

५. ज्या बाजूला सूर्य असतो, ती बाजू धूसर येते. म्हणून एक चित्र सकाळी घ्या, एक सायंकाळी घ्या.

६. फोन वळत असताना समोरून कोणी चालत गेले, तर त्याचे चित्र तुटते. कधी पाय दोन ठिकाणी उमटतात! म्हणून थोडे थांबा. कोणाच्या दारात, अंगणात फोटो घेताना आधी विचारा. देवळात किंवा किल्ल्यावर मनाई असेल तर ती पाळा.

७. लांब भिंतीजवळ उभे राहून वळत फोटो घेतला, तर सरळ भिंत धनुष्यासारखी वाकडी दिसते. भिंत वाकडी नसते. आपण वळलो म्हणून तसे दिसते. तिथे तंजावरची रीत वापरा. कडेने चालत वेगवेगळे फोटो घ्या.

आणि एक सांगणे. घेतलेल्या चित्रात खोटेपणा करू नका. उकिरडा दिसला तर दिसू द्या. पडकी भिंत दिसली तर राहू द्या. साक्षीदाराने जे पाहिले तेच सांगावे.

आजी आणि नातू

एका घरी काय झाले ते बघा. नातवाने गच्चीवरून गावाचे चौफेर चित्र घेतले. खाली येऊन त्याने आजीला दाखवले.

आजी म्हणाली, “हे काय रे? सगळं गाव एकदम?”

“हो आजी. बघ, हे देऊळ. ही शाळा.”

आजीने चष्मा लावला. बोट हळूहळू पुढे नेले. “आणि हे लिंबाचं झाड. इथं आड होता. आम्ही सगळ्या बाया इथं पाणी भरायचो. त्याच्या शेजारी तेल्याचा घाणा होता.”

“घाणा? तिथं तर दुकान आहे.”

“आता दुकान आहे. तुझे आजोबा होते तेव्हा घाणा होता. बैल फिरायचा. आणि ही मोकळी जागा दिसते ना? इथं पुराच्या साली आमचं घर पडलं.”

नातू गप्प झाला. त्या मोकळ्या जागेत तो रोज खेळत होता. तिथे आपले घर होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मग तो म्हणाला, “आजी, हे सगळं लिहून ठेवू या का?”

“ठेव की. पण तू नको लिहू. वही आण इकडे. मी लिहिते. रोज रात्री वर्गाला जाते, ते काय उगाच?”

आजीने लिहिले. अक्षर मोठे होते, ओळ थोडी वर गेली. पण प्रत्येक खुणेला आकडा घातला आणि आकड्यापुढे नाव लिहिले. एक, देऊळ. दोन, आड होता ती जागा. तीन, घाणा होता ती जागा. चार, आमचे घर.

मायब्रिजच्या चित्राबरोबर जी यादी होती, तीच ही यादी. फोन चित्र घेतो, पण आड कुठे होता हे फोनला ठाऊक नसते. ते आजीलाच ठाऊक असते. चित्राला डोळे असतात, तोंड नसते. त्याला तोंड द्यायचे ते लिहून.

म्हणून चित्र घेतले की त्याच्यासोबत इतके लिहाच: गावाचे नाव. कुठे उभे राहून घेतले. कोणत्या दिशेपासून सुरुवात केली. तारीख आणि साल. कोणी घेतले. आणि खुणांची यादी. मग शहरात गेलात की चित्र छापून घ्या. फोन पडतो, फुटतो, हरवतो. एक प्रत घरी ठेवा. दुसरी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. सॅन फ्रान्सिस्कोचे दप्तर एका जागी होते, म्हणून जळाले. चित्राच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, म्हणून उरल्या.

पाच-दहा वर्षांनी त्याच जागी पुन्हा उभे राहा आणि पुन्हा चित्र घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. काय गेले, काय आले, कुठे झाडे वाढली, कुठे ओढा आटला, सारे कळेल. गावच्या सभेतही ते उपयोगी पडेल.

फोटो काढणारी माणसे गावात पुष्कळ मिळतील. पण वडीलधाऱ्यांना विचारून नावे लिहून ठेवणारे थोडे असतात. तुम्हांला आता लिहिता येते. ते काम तुमचे आहे. आजी आहे तोवर विचारून घ्या. वाडा उभा आहे तोवर चित्र घेऊन ठेवा.

उत्तरे लिहा

१. साध्या फोटोत सगळे गाव का मावत नाही?
२. मायब्रिजच्या चित्रात रस्ते ओसाड का दिसतात?
३. १९०६ साली आग विझवायला पाणी का मिळाले नाही?
४. तंजावरला ट्राइपने एका जागी उभे राहून फोटो का घेतला नाही?
५. “चित्राला डोळे असतात, तोंड नसते.” याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

करून बघा

तुमच्या गावात आता नाही, पण पूर्वी होती, अशी एक जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ती कुठे होती, कशी होती, कधी गेली, ते पाच ओळींत लिहा. खाली आपले नाव आणि तारीख घाला.